रॉबर्ट ओवेन

रॉबर्ट ओवेन (जन्म : १४ मे १७७१, न्यूटाउन, वेल्स, मृत्यू : १७ नोव्हेंबर १८५८, न्यूटाउन, वेल्स) हे ब्रिटिश गिरणीमालक, समाजसुधारक आणि शिक्षणविषयक विचारवंत होते. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरण्यांचा कारभार त्यांनी १८०० पासून सुमारे पंचवीस वर्षे पाहिला. कामाचे तास कमी करणे, लहान मुलांना कामावर न घेणे, शिक्षेऐवजी प्रोत्साहनाने काम करवून घेणे आणि कामगारांच्या शिक्षणाची सोय गिरणीच्या आवारातच करणे, हे प्रयोग त्यांनी तेथे केले. त्यामुळे मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत या शास्त्राचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. सहकारी चळवळ, ब्रिटनमधील समाजवादी विचार आणि शिशुशिक्षण या क्षेत्रांतही त्यांचे नाव महत्त्वाचे मानले जाते.

मनुष्याचा स्वभाव तो स्वतः घडवत नसून त्याच्या भोवतालची परिस्थिती घडवते, हे ओवेन यांच्या विचाराचे मूळ सूत्र होते. कामगार आळशी, व्यसनी किंवा चोर असेल, तर त्याला दोष देण्याऐवजी त्याची परिस्थिती बदलावी, असे ते मानत. या सूत्राची सर्वांत दीर्घ आणि यशस्वी कसोटी न्यू लॅनार्क येथे लागली आणि त्याच्या मर्यादाही तेथेच दिसून आल्या.

बालपण आणि उमेदवारी

ओवेन यांचा जन्म वेल्समधील न्यूटाउन या लहान बाजारपेठेच्या गावी झाला. त्यांचे वडील जीनगर होते आणि लोखंडी सामानाचाही व्यापार करीत. आई शेतकरी कुटुंबातील होती. सात भावंडांत रॉबर्ट हे सहावे. त्यांचे शालेय शिक्षण थोडेच झाले. मात्र शिकता शिकताच लहान मुलांना शिकवण्यासाठी शिक्षकाला मदत करण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. वाचनाची गोडी त्यांना याच काळात लागली.

वयाच्या दहाव्या वर्षी त्यांनी घर सोडले. काही काळ लंडनला थोरल्या भावाकडे राहिल्यावर ते स्टॅमफर्ड येथील जेम्स मॅकगफॉग यांच्या कापडाच्या दुकानात उमेदवार म्हणून दाखल झाले. मॅकगफॉग यांचा ग्रंथसंग्रह त्यांना खुला होता आणि रिकामा वेळ त्यांनी त्यात घालवला. येथेच त्यांना कापडाची पारख आली. त्यानंतर लंडनमधील एका मोठ्या दुकानात त्यांनी काम केले. तेथे सकाळपासून रात्री उशिरापर्यंत उभे राहावे लागे आणि झोपेलाही पुरेसा वेळ मिळत नसे. कामाच्या तासांचा प्रश्न पुढे त्यांनी सातत्याने लावून धरला. त्या जाचाचा अनुभव त्यांनी नोकर म्हणून स्वतः घेतला होता.

मँचेस्टरमधील कारकीर्द

लंडनहून ओवेन मँचेस्टरला गेले. यंत्राने सूत कातण्याच्या उद्योगाला त्या काळी तेथे वेग आला होता. आरंभी त्यांनी कापडाच्या दुकानात नोकरी केली. पुढे भावाकडून १०० पौंड उसने घेऊन एका यंत्रकारागिराच्या भागीदारीत सूतकताईची यंत्रे तयार करण्याचा व्यवसाय त्यांनी सुरू केला. ही भागीदारी फार काळ टिकली नाही. ओवेन यांनी मोजक्या यंत्रांवर स्वतंत्रपणे सूत काढण्यास सुरुवात केली.

१७९२ च्या सुमारास पीटर ड्रिंकवॉटर या गिरणीमालकाने सुमारे ५०० कामगारांच्या गिरणीचा व्यवस्थापक म्हणून त्यांची नेमणूक केली. वार्षिक ३०० पौंड वेतनाची त्यांची मागणी मान्य झाली. तेव्हा ते विशीच्या आसपास होते आणि एवढ्या मोठ्या गिरणीचा त्यांना अनुभव नव्हता. पहिले सहा आठवडे त्यांनी फारसे हुकूम दिले नाहीत. सकाळी पहिल्या कामगाराबरोबर गिरणीत यावे, प्रत्येक खात्यातील काम बारकाईने पाहावे, विचारलेल्या प्रश्नांना मोजके उत्तर द्यावे आणि सर्वांत शेवटी बाहेर पडावे, असा त्यांचा क्रम होता. काम पूर्ण समजल्यावरच त्यांनी सूचना देण्यास आरंभ केला. त्यांच्या देखरेखीखाली सुताचा दर्जा सुधारला आणि त्याला बाजारात चांगला भाव मिळू लागला.

१७९३ मध्ये मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाचे सदस्यत्व त्यांना मिळाले. डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि उद्योजक यांच्या या मंडळात गिरणी कामगारांचे आरोग्य व शिक्षण यांवर चर्चा होत. काही वर्षांतच ड्रिंकवॉटर यांची नोकरी सोडून ओवेन चॉर्ल्टन ट्विस्ट कंपनीचे भागीदार झाले.

न्यू लॅनार्कची सूत्रे

कंपनीच्या कामासाठी ग्लासगोला जाणे-येणे असताना ओवेन यांची ओळख कॅरोलाइन डेल यांच्याशी झाली. त्यांचे वडील डेव्हिड डेल यांनी क्लाइड नदीच्या धबधब्यांजवळ, रिचर्ड आर्कराइट यांच्या सहकार्याने, १७८५ च्या सुमारास न्यू लॅनार्क येथे पाण्याच्या बळावर चालणाऱ्या सूतगिरण्या उभारण्यास आरंभ केला होता. ओवेन व त्यांच्या भागीदारांनी १७९९ मध्ये त्या ६०,००० पौंडांना विकत घेतल्या. ही रक्कम वीस वर्षांत हप्त्यांनी फेडायची होती. त्याच वर्षी ३० सप्टेंबर रोजी ओवेन व कॅरोलाइन यांचा विवाह झाला आणि १ जानेवारी १८०० पासून गिरण्यांचा कारभार ओवेन यांच्याकडे आला.

गिरण्यांभोवतीच्या वस्तीत सुमारे २,००० लोक राहत असत. त्यांपैकी सुमारे ५०० ही एडिंबरा व ग्लासगो येथील निराधारगृहांतून आणलेली मुले होती. डेल हे दयाळू मालक म्हणून प्रसिद्ध होते. या मुलांच्या खाण्यापिण्याची व निवासाची व्यवस्था त्यांनी चांगली ठेवली होती आणि रात्रशाळाही चालवली होती. तथापि सहा-सात वर्षांची मुलेही दिवसभर काम करीत आणि संध्याकाळी शाळेत पेंगत. मोठ्या कामगारांत दारू, भांडणे आणि मालाची चोरी यांचे प्रमाण मोठे होते. अशा कामाला स्थानिक कुटुंबे सहसा तयार होत नसत, त्यामुळे आलेल्या माणसांना सांभाळून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ओवेन यांनी निराधारगृहांतून नवी मुले घेणे बंद केले आणि दहा वर्षांखालील मुलांना कामावर न घेण्याचे धोरण ठेवले. घरे वाढवली, रस्ते स्वच्छ राखण्याची व्यवस्था केली. खाजगी दुकानदार निकृष्ट माल चढ्या भावाने व उधारीवर विकत असत. त्यांच्या जागी गिरणीचे दुकान सुरू करून घाऊक खरेदी केलेला चांगला माल माफक दरात देण्यात आला. दुकानाचा नफा पुढे शाळेसाठी वापरला गेला. आजारपणासाठी कामगारांच्या वेतनातून साठावा हिस्सा कापून निधी उभा करण्यात आला. चोरीबद्दल खटले भरण्याऐवजी मालाच्या नोंदी इतक्या काटेकोर करण्यात आल्या, की चोरी करणे अवघड व्हावे.

कामगारांचा अविश्वास

या सुधारणांचे कामगारांनी सुरुवातीला स्वागत केले नाही. नवा मालक परका होता, वेल्सचा होता आणि त्याचे सगळे बदल अखेरीस अधिक काम काढून घेण्यासाठीच आहेत, असा त्यांचा समज होता. तो सर्वस्वी चुकीचा होता असेही म्हणता येत नाही, कारण उत्पादन वाढवण्याचा हेतू ओवेन यांनी कधी लपवला नाही. घरांच्या स्वच्छतेची पाहणी करण्यासाठी लोक दारात येऊ लागले, तेव्हा गृहिणींनी विशेष संताप व्यक्त केला. ज्यांचा शब्द इतरांत मानला जाई अशा कामगारांशी ओवेन यांनी बोलणी सुरू ठेवली. परंतु बोलण्याने फारसा फरक पडला नाही.

तो फरक एका संकटामुळे पडला. दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेने परदेशी व्यापारावर निर्बंध घातल्याने कापसाचे भाव भडकले. अनेक गिरणीमालकांनी कामगारांना काढून टाकले. ओवेन यांनी यंत्रे थांबवली, पण एकाही कामगाराला घरी पाठवले नाही. यंत्रांची साफसफाई व निगा एवढेच काम देऊन सुमारे चार महिने पूर्ण वेतन चालू ठेवले. यासाठी ७,००० पौंडांहून अधिक खर्च आला. यानंतर कामगारांचा विरोध मावळला, असे ओवेन यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. कारभार हाती घेतल्यापासून हा विश्वास मिळण्यास काही वर्षे जावी लागली होती.

मूक निरीक्षक

कामगारांना प्रवृत्त करण्यासाठी ओवेन यांनी योजलेले सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे मूक निरीक्षक, अर्थात सायलेंट मॉनिटर. हा सुमारे दोन इंच लांबीचा चौकोनी लाकडी ठोकळा असे. त्याच्या चार बाजूंना चार रंग दिलेले असत : काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचे, पिवळा म्हणजे चांगले आणि पांढरा म्हणजे उत्कृष्ट. प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ असा ठोकळा टांगलेला असे आणि त्याच्या आदल्या दिवशीच्या वर्तनानुसार मुकादम योग्य रंगाची बाजू समोर करून ठेवी. हे शेरे नोंदवहीत रोज उतरवले जात. मुकादमांचे मूल्यमापन त्यांच्या वरिष्ठांकडून याच रीतीने होई.

त्या काळच्या गिरण्यांत मारहाण, दंड आणि शिवीगाळ ही नित्याची बाब होती. न्यू लॅनार्क येथे शारीरिक शिक्षेला मनाई होती. ओवेन गिरणीतून फेरी मारताना ठोकळ्याकडे व मग कामगाराकडे पाहत, पण काळ्या रंगाबद्दलही बोलत नसत. मुकादमाचा शेरा अन्यायाचा वाटल्यास तो वहीत चढण्यापूर्वी थेट ओवेन यांच्याकडे तक्रार करण्याचा हक्क प्रत्येकाला होता. सुरुवातीला काळे ठोकळे पुष्कळ दिसत. हळूहळू त्यांची जागा निळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगांनी घेतली, असे ओवेन यांनी लिहिले आहे.

कामगिरीचे नियमित मूल्यमापन, त्याची लेखी नोंद आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय या तिन्ही गोष्टी पुढील काळात मनुष्यबळ व्यवस्थापनाचा भाग झाल्या. या पद्धतीचे आद्य उदाहरण म्हणून मूक निरीक्षकाकडे पाहिले जाते. दुसरीकडे, प्रत्येकाचे वर्तन सर्वांसमोर रंगाने जाहीर करणे ही सततची पाळतच होती, अशी टीकाही अभ्यासकांनी केली आहे.

भागीदारांशी संघर्ष

घरे, शाळा आणि दुकान यांवरील खर्च भागीदारांना मान्य नव्हता. गिरण्या नफ्यात असूनही हा पैसा वाया जातो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे दोनदा भागीदारी मोडली. १८१३ अखेर गिरण्यांचा लिलाव झाला, तेव्हा ओवेन यांना डावलून त्या कमी किमतीत घेण्याचा जुन्या भागीदारांचा बेत होता. परंतु ओवेन यांनी आधीच लंडनमध्ये नवे भागीदार मिळवले होते. त्यांत तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम आणि क्वेकर पंथाचे विल्यम ॲलन यांचा समावेश होता. १,१४,१०० पौंडांना गिरण्या पुन्हा ओवेन यांच्याकडे आल्या. भांडवलावर पाच टक्क्यांपेक्षा अधिक परतावा न घेता उरलेली रक्कम कामगारांच्या शिक्षण व कल्याणासाठी वापरावी, असे नव्या करारात ठरले. ओवेन परतले, तेव्हा कामगारांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढत नेली.

याच सुमारास नव्या समाजदृष्टीविषयीचे त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. गिरणीमालकांना उद्देशून त्यांनी एक साधा हिशेब मांडला. निर्जीव यंत्रे स्वच्छ ठेवण्यावर व त्यांच्या दुरुस्तीवर मालक खर्च करतो, कारण त्याचा लाभ त्याला ठाऊक असतो. त्याहून कितीतरी गुंतागुंतीच्या सजीव यंत्रांची, म्हणजे माणसांची, तशीच काळजी घेतल्यास लाभ अधिक होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. मनुष्यबळावरील खर्च ही गुंतवणूक आहे, या आधुनिक कल्पनेचे बीज यात आढळते.

गिरणीतील शिक्षण

१ जानेवारी १८१६ रोजी न्यू लॅनार्क येथे चारित्र्य घडवणाऱ्या संस्थेची इमारत खुली झाली. दिवसा तेथे मुलांची शाळा भरे. संध्याकाळी तरुण व प्रौढ कामगारांसाठी वर्ग, व्याख्याने, संगीत आणि नृत्य असे. चालता येऊ लागलेल्या बालकांसाठी वेगळा वर्ग होता आणि ब्रिटनमधील शिशुशाळांच्या इतिहासात त्याला आद्य स्थान दिले जाते.

या वर्गासाठी ओवेन यांनी विद्वान शिक्षक नेमले नाहीत. जेम्स बुकॅनन हे पूर्वी विणकर होते आणि मॉली यंग ही गिरणीतील सतरा वर्षांची मुलगी होती. मुलांवर प्रेम आणि अपार सहनशीलता एवढीच ओवेन यांची अट होती. मुलांना मारायचे नाही, धमकवायचे नाही आणि पुस्तकांचा भार द्यायचा नाही, असा दंडक होता. चित्रे, नकाशे, निसर्गातील वस्तू व गप्पा यांतून शिक्षण दिले जाई. आई-वडील कामावर असताना मुले सुरक्षित राहत आणि त्यामुळे मातांना गिरणीत निश्चिंतपणे काम करता येई.

प्रौढांच्या शिक्षणाचा कामाच्या तासांशी असलेला संबंध ओवेन यांना प्रत्यक्ष अनुभवातून उमगला. त्याच वर्षी गिरणीतील कामाची वेळ जेवणाची सुट्टी वगळून पावणेअकरा तासांवर आणण्यात आली. त्यानंतर संध्याकाळच्या वर्गांची उपस्थिती वाढली, अशी साक्ष त्यांनी संसदीय समितीसमोर दिली. शिकण्याची इच्छा कामगारांत नसते असे नाही; थकलेल्या माणसाजवळ शिकण्याचे बळ उरत नाही, असा या साक्षीचा मथितार्थ होता.

न्यू लॅनार्क पाहण्यासाठी देशोदेशींचे पाहुणे येऊ लागले. १८१५ ते १८२५ या काळात सुमारे २०,००० लोकांनी भेट दिल्याचे सांगितले जाते. पुढे रशियाचे सम्राट झालेले निकोलस हे त्यांपैकी एक होत. १८१९ मध्ये आलेले कवी रॉबर्ट साउदी यांनी मात्र वेगळी नोंद केली. व्यवस्था उत्तम असली, तरी सगळ्या गोष्टी एकाच माणसाच्या इच्छेने चालतात आणि कामगार त्याच्या हातातील यंत्रांसारखे आहेत, असे त्यांना वाटले. गुलामांच्या मळ्याशीही त्यांनी त्याची तुलना केली. गिरणीत येणारा कापूस बव्हंशी गुलामांच्या श्रमातून पिकत असल्याने ही तुलना आज अधिक बोचरी वाटते.

कारखाना कायद्यासाठी प्रयत्न

एका मालकाच्या सद्भावनेवर सर्व कामगारांचे भले होणार नाही, हे ओळखून ओवेन यांनी १८१५ पासून कायद्यासाठी प्रयत्न सुरू केले. दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, अठरा वर्षांखालील मुलांचे काम साडेदहा तासांपुरते असावे आणि तपासणीसाठी सरकारी निरीक्षक नेमावेत, असा त्यांचा आग्रह होता. सर रॉबर्ट पील (थोरले) यांनी हे विधेयक संसदेत मांडले. गिरणीमालकांच्या विरोधामुळे ते चार वर्षे रखडले.

१८१९ मध्ये संमत झालेला कायदा केवळ सूतगिरण्यांना लागू होता. त्यात किमान वय नऊ ठरले, सोळा वर्षांखालील मुलांसाठी बारा तासांची मर्यादा आली आणि स्वतंत्र निरीक्षकांची तरतूद गळाली. ओवेन यांना हा कायदा निरुपयोगी वाटला. सरकारी निरीक्षकांची नेमणूक पुढे १८३३ च्या कायद्याने झाली.

दरम्यान १८१७ मध्ये लंडनमधील जाहीर सभेत ओवेन यांनी सर्व प्रस्थापित धर्मांवर टीका केली आणि वरिष्ठ वर्तुळातील त्यांचे अनेक समर्थक दुरावले. शाळेतील नृत्य, मुलांचा पोशाख आणि धर्मशिक्षण यांवरून विल्यम ॲलन यांच्याशीही मतभेद वाढले. ॲलन यांच्या आग्रहाने शाळेत बदल करावे लागल्यावर ओवेन यांचे न्यू लॅनार्कवरील लक्ष कमी झाले. १८२८ मध्ये त्यांनी गिरण्यांशी असलेला आर्थिक संबंध संपवला.

न्यू हार्मनीचा प्रयोग

१८२५ मध्ये ओवेन यांनी अमेरिकेतील इंडियाना राज्यात वॉबॅश नदीकाठचे तयार गाव एका जर्मन धार्मिक पंथाकडून विकत घेऊन तेथे न्यू हार्मनी ही सहजीवनाची वसाहत स्थापन केली. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम मॅक्ल्यूर, निसर्गशास्त्रज्ञ टॉमस से यांच्यासारखे विद्वान तेथे आले; परंतु शेती व कारखाने चालवू शकणारे कुशल कारागीर पुरेसे नव्हते. कोणालाही प्रवेश खुला होता. कोणी किती काम करावे आणि त्याची नोंद कशी ठेवावी, यावर एकमत होईना. ओवेन स्वतः बराच काळ बाहेर असत. दोन वर्षांत अनेक घटना बदलूनही घडी बसली नाही आणि १८२७ मध्ये प्रयोग संपला. ओवेन यांच्या संपत्तीचा बहुतांश भाग त्यात खर्ची पडला.

या दोन प्रयोगांतील फरक लक्षणीय आहे. न्यू लॅनार्क येथे निश्चित उद्योग, अनुभवी कामगार, रोजच्या नोंदी आणि जागेवर हजर असणारा व्यवस्थापक होता. न्यू हार्मनी येथे आदर्श तेच होते, पण त्यांना आधार देणारी कामाची रचना नव्हती. ओवेन यांचे चार पुत्र व एक कन्या अमेरिकेतच स्थायिक झाली. त्यांपैकी रॉबर्ट डेल ओवेन हे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले, तर डेव्हिड डेल ओवेन यांनी भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवले. १८३१ मध्ये कॅरोलाइन यांचे स्कॉटलंडमध्ये निधन झाले.

कामगार चळवळ आणि सहकार

ब्रिटनमध्ये परतल्यावर ओवेन यांच्याभोवती मालकांऐवजी कामगार जमले. १८३२ मध्ये त्यांनी लंडनमध्ये श्रमविनिमय केंद्र सुरू केले. वस्तू तयार करण्यास लागलेल्या श्रमाच्या तासांनुसार तेथे श्रमाच्या हुंड्या दिल्या जात आणि त्यांवर इतर वस्तू घेता येत. हे केंद्र १८३४ मध्ये बंद पडले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रव्यापी कामगार महासंघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले. पण मालकांच्या व सरकारच्या दडपशाहीमुळे आणि अंतर्गत मतभेदांमुळे तो काही महिन्यांतच मोडला.

त्यांच्या अनुयायांनी मात्र सहकारी दुकानांचा मार्ग सोडला नाही. १८४४ मध्ये रॉचडेल येथे विणकर व इतर कारागिरांनी सुरू केलेल्या सहकारी भांडारात ओवेन यांच्या विचारांचे अनेक लोक होते. पुढे जगभर पसरलेल्या सहकारी चळवळीची तत्त्वे याच भांडारावरून घेतली गेली.

अखेरची वर्षे

आयुष्याच्या अखेरच्या काळात ओवेन व्याख्याने व लेखन करीत राहिले. उतारवयात ते परलोकविद्येकडे वळले आणि त्यांच्या अनेक जुन्या सहकाऱ्यांना याचे आश्चर्य वाटले. १८५७ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी आजारी अवस्थेत ते जन्मगावी परतले आणि १७ नोव्हेंबर १८५८ रोजी न्यूटाउन येथे त्यांचे निधन झाले. आई-वडिलांच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन

ओवेन यांच्या कारभारात कामगारांना चांगले घर, शाळा आणि औषधोपचार मिळाले, परंतु निर्णयात वाटा मिळाला नाही. काय शिकवायचे, काय विकायचे आणि कोणाचा ठोकळा कोणत्या रंगाचा, हे सगळे वरून ठरे. त्यामुळे त्यांच्या पद्धतीला पालकवृत्तीचे व्यवस्थापन म्हटले जाते. कामगार संघटनांची वाढ झाल्यावर सामूहिक वाटाघाटींनी ही उणीव काही प्रमाणात भरून काढली.

असे असले, तरी भीतीखेरीज इतर मार्गांनीही माणसे चांगले काम करतात आणि त्यांना शिकवणे उद्योगाच्या हिताचे असते, हे त्यांनी नफ्यात चालणाऱ्या गिरणीत दाखवून दिले. ज्या काळात मजुराला केवळ हात समजले जाई, त्या काळातील हा प्रयोग होता. न्यू लॅनार्कच्या गिरण्या १९६८ पर्यंत चालू होत्या. पुढे वस्तीचे जतन करण्यात आले आणि २००१ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. शाळेची इमारत, कामगारांची घरे आणि क्लाइडच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या आजही तेथे पाहता येतात.